दादांची भाजणी

दिवाळीची साफसफाई चालली होती. माळ्यावरून एक काळी डबी काढून सौ. म्हणाली, "अहो, हे चष्म्याचं घर कुणाचं?"

चष्म्याचे घर कसले, वाचकहो! तो आमच्या कैलासवासी दादांचा हातात मावणारा संगणक होता. ह्यूलेट-पॅकार्डचा २००एलएक्स, १९९४ साली निघालेला. दोन पेन्सिल सेल घातले आणि स्वारी जागी झाली!

आतल्या स्मृतीतले सारे, जुने सेल संपताच पुसले गेले होते. खाचेतल्या कार्डावरच्या फाइली मात्र शाबूत. पडद्यावर नुसती नावांची यादी. बाणाच्या कळीने नाव गाठायचे, एन्टर दाबायचे, की मजकूर पुढे. रंग नाहीत, चित्रे नाहीत. एका वेळी २५ ओळी. त्यांत एक नाव दिसले: 'भाजणी'!

आईने सांगितलेले चकलीचे प्रमाण दादांनी उतरून घेतले होते. यंत्राला देवनागरी येत नव्हती, म्हणून रोमन लिपीत. मोहनाचे तेल 'कढत' की 'काढत', यावर आमचा अर्धा तास वाद!

पुढे दादांनी मोठ्या संगणकावर नटवून-सजवून लिहिलेल्या आठवणी आज उघडत नाहीत. तो प्रोग्रॅमच आता कुठे मिळत नाही. ही साधी अक्षरे मात्र कोणताही संगणक वाचील.

चकली तोंडात टाकून सौ. क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "सासूबाईंचीच!"

मी भाजणी लगेच वहीतही उतरवली. सेलांचा काय भरवसा?