कातकऱ्याची गलोल आणि शहराची भूतदया

दिवाळी आटोपली की ठाणे जिल्ह्यातील भातशेते मोकळी होतात. मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथ आणि कल्याण तालुक्यांतील खेड्यांत कापणी होते, भारे खळ्यावर जातात, झोडणी होते आणि शेतात उरतात ती धसकटे व मातीत सांडलेले दाणे. या दाण्यांवर होले उतरतात. मानेवर पांढऱ्या ठिपक्यांचा काळा पट्टा असलेला हा साधा पक्षी, कुठे त्याला कवडाही म्हणतात. होल्यांच्या मागोमाग कातकरीवाडीतील पोरे येतात. हातात गलोल, खिशात गोटे. दोन-चार होले पडले तर त्या रात्री वाडीवर भातासोबत कालवण असते. नाही पडले तर मीठ-मिरची आहेच.

एवढीच ही शिकार आहे. परंतु भारताच्या कायद्याने ती गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाची व्याख्या फार व्यापक आहे. मारणे ही शिकार, फासा लावणे ही शिकार, घरटे मोडणे व अंडी उचलणे ही शिकार आणि तसा नुसता प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच. शेत खासगी आहे, जंगलापासून दूर आहे, शेतमालकाची हरकत नाही, यापैकी कशानेही फरक पडत नाही. या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा अशा सर्वसाधारण गुन्ह्यांच्या दंडाची कमाल मर्यादा २५ हजारांवरून १ लाखावर गेली. तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आधीपासून आहेच.

आता त्याच शेताच्या बांधाकडे पाहा. कापणीनंतर कातकरी पहारीने उंदरांची बिळे खणतात. उंदीर मिळतो आणि उंदराने बिळात साठवलेले भातही मिळते. उंदीर कमी झाला म्हणून शेतकरी खूश होतो. उंदराला या कायद्याने कधीच संरक्षण दिले नाही, उलट २०२२ च्या दुरुस्तीपूर्वी पाचवी अनुसूची नावाची एक यादी होती, तिच्यात कावळा, वटवाघूळ आणि उंदीर हे उपद्रवी म्हणूनच नोंदवलेले होते. म्हणजे एकाच पोराने, एकाच शेतात, एकाच सकाळी बिळातून उंदीर काढला तर तो शेतकऱ्याचा मदतनीस आणि दहा पावलांवर होला पाडला तर गुन्हेगार. ही रेघ ज्यांनी आखली त्यांनी ती या पोराला कधी वाचून दाखवली काय?

कातकरी कोण, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही, तरीही सांगतो. खैराच्या झाडापासून कात काढणारा तो कातकरी. १८७८ च्या वनकायद्यानंतर सरकारने राखीव जंगले आखली आणि खैरावर कुऱ्हाड घालणे हा गुन्हा होत गेला. धंदा गेला, जमीन तर नव्हतीच. मग उरली दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी, कोळसा पाडणे आणि वीटभट्टी. आज महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिवासी गट मानले जाते त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहे. दिवाळीनंतर भट्टीमालकाकडून उचल घ्यायची, कुटुंबासह भिवंडी-कल्याणच्या भट्ट्यांवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा आहे. उचल मात्र अजून चालू आहे. कापणी संपली आणि भट्टी अजून पेटलेली नाही, या मधल्या आठ-पंधरा दिवसांत होला मारला जातो. हा काळ का रिकामा असतो, हे विचारायला कोणी येत नाही. गलोल पाहायला मात्र येतात.

आणि हा कायदा सर्वांना सुरुवातीपासून सारखाच कडक होता असेही नाही. १९७२ च्या मूळ कायद्यात शिकारीचे परवाने होते. मोठ्या जनावरांचा वेगळा, लहान शिकारीचा वेगळा. ज्याच्याकडे बंदूक, जीप आणि साहेबाशी ओळख होती त्याला रीतसर अर्ज करून, शुल्क भरून पक्षी मारता येत होते. ही सोय १९९१ च्या दुरुस्तीने गेली आणि ती गेली याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु गलोलवाल्याच्या वाट्याला ते परवान्याचे दिवस कधी आलेच नाहीत. अर्ज लिहिणार कोण आणि शुल्क भरणार कोण?

सलीम अली यांची गोष्ट शाळेच्या पुस्तकांत सांगितली जाते. १९०८ च्या सुमारास मुंबईतील या दहा-बारा वर्षांच्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी कपाटे उघडून भुसा भरलेले पक्षी दाखवले आणि त्यातून देशाचा सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ घडला. सलीम अलींबद्दल आम्हाला आदर आहे आणि ते शिकारीचे वयही तसेच असते. आमचा मुद्दा वेगळा आहे. त्या मुलासाठी एक मामा होता, एक संस्था होती, एक कपाट होते. कातकऱ्याच्या पोराला कोणता होला कधी अंडी घालतो, कोणत्या झाडावर रात्री बसतो, कोणत्या वाऱ्याला कुठल्या शेतात उतरतो, हे सगळे ठाऊक असते. त्याच्यासाठी कोणते कपाट उघडले गेले? एकाच्या चिमणीतून शास्त्र निघते आणि दुसऱ्याच्या होल्यातून पंचनामा निघतो, याला आम्ही योगायोग मानत नाही.

येथे आमच्यातीलच काही उपासक बांधव आम्हाला अडवतील. प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचे शील आपण रोज म्हणतो, मग या शिकारीची बाजू कशी घेता? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर बाबासाहेबांनीच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेच्या प्रकरणात देऊन ठेवले आहे. मारण्याची गरज आणि मारण्याची निव्वळ इच्छा यांत बुद्धाने भेद केला, असे ते सांगतात. जेथे गरज नाही, फक्त इच्छा आहे, तेथे बुद्धाचा निषेध आहे. बाबासाहेब अहिंसेला नियम म्हणत नाहीत, तत्त्व म्हणतात, कारण नियम माणसाला बांधून टाकतो आणि तत्त्व त्याला विचार करायला मोकळे ठेवते. त्याच ग्रंथात देवदत्ताच्या बाणाने पडलेल्या हंसाची कथाही आहे. देवदत्त राजघराण्यातला होता. त्याला त्या संध्याकाळी कालवणाची चिंता नव्हती. सिद्धार्थाने हंस ठेवून घेतला तो अशा माणसाच्या हातून, हे विसरून ती कथा वाडीवरच्या पोराला ऐकवणे म्हणजे कथेचा उलटा अर्थ लावणे होय.

मग ज्यांच्या बाबतीत केवळ इच्छाच आहे ते कोण? रविवारी शहरातून गाडी घेऊन येणारे. छऱ्याच्या बंदुकीने तारेवरचा पक्षी पाडून फोटो काढणारे. जाळी लावून जिवंत पक्षी पकडून बाजारात विकणारे दलाल. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये पक्ष्यांच्या बेकायदा व्यापारावर अनेकदा छापे पडले आहेत. या मंडळींवर कायद्याचा पूर्ण बडगा पडावा, त्यात आम्हाला तिळमात्र सहानुभूती नाही. मात्र आणखी एक तरतूद वाचकांनी ध्यानात ठेवावी. या कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे काही गुन्ह्यांत पैसे भरून तडजोड करता येते आणि २०२२ च्या दुरुस्तीने तिची कमाल रक्कम २५ हजारांवरून ५ लाख झाली. गाडीवाला तडजोड करून घरी जाऊ शकतो. गलोलवाला कशाने तडजोड करणार, त्या गलोलीने?

अमेरिकेत तर कापणी झालेल्या शेतावर होले मारणे हा मोठा छंद आहे. तेथे १ सप्टेंबरला हंगाम उघडतो आणि ‘मोर्निंग डव्ह’ नावाचे सुमारे एक कोटी होले दरवर्षी मारले जातात. तेथील नियम मोठा गमतीचा आहे. नेहमीच्या कापणीत सांडलेल्या दाण्यावर उतरलेला पक्षी मारायला परवानगी, पण पक्षी यावेत म्हणून मुद्दाम दाणे टाकले असतील तर तो गुन्हा. म्हणजे ज्या देशात ही शिकार निव्वळ हौस आहे तेथे तिला परवाना आहे, हंगाम आहे, दिवसाला किती मारायचे याची मर्यादा आहे. त्याच देशात एके काळी अब्जावधींच्या संख्येने असलेले प्रवासी कबूतर नामशेष झाले. शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. तिची जात तेथील मूळ रहिवाशांच्या बाणांनी संपली नव्हती. शतकानुशतके ते लोकही ती खात होते. ती संपली तारायंत्राने थवे कुठे उतरले याची बातमी शहरात पोहोचू लागल्यावर, रेल्वेने पिंपे भरभरून मांस बाजारात जाऊ लागल्यावर आणि घरट्यांची जंगले तोडली गेल्यावर.

हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आमच्या परिसरातही पाखरांचा खरा वैरी बाजार आहे. शीळ-कल्याण रस्त्याने जा. निळजे, काटई, हेदुटणे, कोळे, उसरघर ही गावे भाताची होती. २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेत पुन्हा घेतलेल्या २७ गावांच्या पट्ट्यात आज शेतांवर मनोरे उभे आहेत. एक शेत बुजले की त्या शेतावर उतरणारे सगळे होले गेले, पुढच्या वर्षीचेही आणि त्याच्या पुढच्या वर्षीचेही. गलोलीने असे कधी होत नाही. परंतु शेत बुजवण्याला शिकार म्हणत नाहीत, विकास म्हणतात आणि त्याच्या उद्घाटनाला मंत्री येतात.

या मनोऱ्यांत राहायला आलेल्यांची भूतदया मात्र दांडगी असते. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईतील कबुतरखाने बंद करण्यावरून केवढे रण पेटले ते सर्वांनी पाहिले. दादरच्या कबुतरखान्यावरची ताडपत्री लोकांनी ओढून काढली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. कबुतरांच्या विष्ठेने श्वसनाचे विकार होतात, हे डॉक्टर सांगत असतानाही पोत्याने दाणे टाकण्याचा हक्क हवा होता. दाणे टाकू नयेत असे आम्ही म्हणत नाही. पण ज्वारीचे ते पोते आणि कातकऱ्याच्या घरातले रिकामे मडके ही एकाच महानगराच्या अंगणातली चित्रे आहेत. कबूतर आणि होला एकाच कुळातले. त्यातल्या एकाला खाऊ घालणारा पुण्यवान ठरतो आणि दुसऱ्याला खाणारा रानटी.

त्याच ऑगस्टमध्ये आमच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने १९८८ च्या एका ठरावाचा आधार घेऊन १५ ऑगस्टला कत्तलखाने व मांसविक्रीची दुकाने बंद ठेवण्याचा आदेश काढला होता. स्वातंत्र्याच्या दिवशी काय खायचे हे महापालिका ठरवणार! त्या वेळी मोठा गदारोळ झाला, तो योग्यच होता. परंतु खाटकाच्या दुकानासाठी भांडणाऱ्यांनी वाडीवरच्या चुलीचाही विचार करावा. ज्याला दुकानातून विकत घेता येत नाही त्याच्या ताटावर तर वर्षाचे ३६५ दिवस बंदी असते.

बाबासाहेबांचे या प्रश्नाशी नाते जुने आहे. १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली, तिचे ते सभासद होते आणि समितीचा अहवाल १९३० मध्ये आला. समितीचे अध्यक्ष स्टार्ट हे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतींचे अधिकारी होते, यावरूनच त्या काळी आदिवासी आणि गुन्हेगार या शब्दांमध्ये किती कमी अंतर होते ते कळते. फासे लावून पक्षी पकडणारा फासेपारधी तर जन्मतःच गुन्हेगार ठरवला गेला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कागदावर पुसला गेला. पोलीस पाटलाच्या आणि वनरक्षकाच्या नजरेतून तो पुसला गेला आहे काय, हे पारधी बांधवांनाच विचारावे.

आमची मागणी शिकार मोकळी करा अशी नाही. तशी मागणी टिकणारही नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानेसुद्धा पारंपरिक हक्क मान्य करताना शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला आहे. आणि होला हा वाडीचा सुखाचा आहार आहे अशी खोटी कविता आम्हाला करायची नाही. पोटभर डाळ, अंडी, मासळी मिळाली तर एका होल्यासाठी दिवसभर कोणी उन्हात फिरणार नाही. अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून लोकांनी स्वतःहून छऱ्याच्या बंदुका सरकारजमा केल्या. त्यांना समजावून विचारले गेले, तेव्हा त्यांनी दिल्या. येथे कापणी आणि भट्टी यांच्या मधल्या दिवसांत वाडीवर रोजगार हमीचे काम निघाले पाहिजे, रेशन त्या आठवड्यात पोहोचले पाहिजे. २०२३ मध्ये असुरक्षित जमातींसाठी पीएम-जनमन योजना जाहीर झाली, तिची घरे कोणत्या वाडीवर उभी राहिली आणि कोणत्या वाडीवर नाही याचा हिशेब तालुक्याच्या ठिकाणी मागितला पाहिजे.

तोपर्यंत कोणी पोरगा पकडला गेलाच तर कार्यकर्त्यांना काही गोष्टी पाठ हव्यात. मुलगा १८ वर्षांखालील असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याला कोठडीत ठेवता येत नाही, त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. मोठ्या माणसाच्या बाबतीत, सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार खटल्यात २०१४ मध्ये बजावले आहे. अटक का आवश्यक आहे याची कारणे अधिकाऱ्याने लिहून द्यायची असतात. ती मागावीत. न वाचता कोऱ्या किंवा भरलेल्या कागदावर अंगठा देऊ नये. अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. ठाण्याला जिल्हा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे. हे सगळे एका पानावर मोठ्या अक्षरात छापून वाडीवाडीत वाचून दाखवावे लागेल, कारण अनेकांना वाचता येत नाही. आणि ते दिवाळीच्या आधी करावे लागेल. एकदा उचल घेतली की माणसे भट्टीवर जातात आणि वाडीवर म्हातारीकोतारी तेवढी उरतात.