नकाराचा पूर्वपक्ष

आमच्या धाकट्या बंधूंची नात दूरच्या एका विद्यापीठांत पदवीच्या दुसऱ्या वर्षास होती. गेल्या वर्षीं तिच्या वडिलांस पक्षाघात झाला. आईस नोकरी सांभाळून शुश्रूषा होईना. तिसरें वर्ष घराजवळच्या विद्यापीठांत पुरें करावें म्हणून मुलीनें बदलीचा अर्ज केला, आणि तो नामंजूर झाला.

त्या सायंकाळीं घरांत दोन मतें पडलीं. वडीलधारी मंडळी म्हणूं लागली, "शिक्षण पुरे झालें, पोरीनें आतां घरीं यावें." तिचे काका म्हणाले, "कोणा वजनदार माणसाची चिठ्ठी आणूं." नकाराचें कारण काय, हें मात्र कोणींच विचारलें नाहीं. आम्हीं तें पत्र मागवून वाचलें. त्यांत एकच ओळ होती: दोन्ही अभ्यासक्रमांचें साम्य अर्जावरून सिद्ध होत नाहीं.

मुलीनें फेरविचारासाठीं लिहिलेला अर्ज तीन पानांचा होता. वाचून डोळ्यांस पाणी यावें असा. परंतु साम्याविषयीं त्यांत अवाक्षर नव्हतें. आम्हीं म्हटलें, "बाळ, आपल्या शास्त्रकारांची रीत अशी कीं, आधीं पूर्वपक्ष मांडावयाचा, आणि तोही प्रतिपक्षास मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणें; मग उत्तर. तुझ्या अर्जांत उत्तर पुष्कळ आहे, पण प्रश्नच नाहीं."

"म्हणजे आजोबा, बाबांचें दुखणें लिहूंच नको?"

"लिही, पण एका वाक्यांत, आणि डॉक्टरांचा दाखला जोडून. त्यानें निकड कळेल. साम्य मात्र अभ्यासक्रमाच्या प्रती जोडूनच दाखवावें लागेल."

मग दोन रात्री बसून तिनें तक्ता केला. डावीकडे आपले विषय, त्यांचे श्रेयांक व प्रकरणें. उजवीकडे नव्या विद्यापीठाचीं. आठांपैकीं सहा विषय जुळले, दोन जुळेनात. "तें कशाला सांगावयाचें?" काका म्हणाले. परंतु मुलीनें स्वतः होऊन लिहिलें कीं, हे दोन विषय मी तिसऱ्या वर्षाबरोबर देईन. उणें आपणच सांगितलें म्हणजे बाकीच्यावर विश्वास बसतो.

वाचकांच्या उपयोगाकरितां चार गोष्टी येथें नमूद करितों. २०२१ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें श्रेयांक जमा ठेवणारी पेढी स्थापिली. तेथें श्रेयांक जमा असले म्हणून दुसरीकडे जागा मिळतेच असें नव्हे. नकार जाहीर नियमांविरुद्ध असल्यास आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणें विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जातां येतें. प्रवेश मागणाराही त्यांत विद्यार्थीच गणला आहे. समितीनें शक्यतों कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. तिचा निर्णय मान्य नसल्यास तो हातीं पडल्यापासून १५ दिवसांच्या आंत लोकपालाकडे अपील करावें. तेथें ३० दिवसांत निकाल लावण्याचा यत्न व्हावा असें सांगितलें आहे. परंतु जागाच शिल्लक नसेल, किंवा आपलीच मुदत चुकली असेल, तर अपिलाचा उपयोग क्वचितच होतो.

आमच्या मुलीस लोकपालापर्यंत जावें लागलें नाहीं. तीन आठवड्यांनीं पत्र आलें: ते दोन विषय देण्याच्या अटीवर प्रवेश मंजूर. आतां ती सकाळीं वडिलांचा हात धरून त्यांस अंगणांत चालविते आणि मग महाविद्यालयास जाते.

हें लिहितांना आमचाच एक अपराध आठवतो. शाळेंत प्रवेशाचें काम आमच्याकडे असतां, वर्षाच्या मध्यावर परगांवाहून आलेल्या एका मुलाच्या अर्जावर आम्हीं 'नामंजूर' एवढाच शेरा मारला. जुन्या शाळेचा दाखला जोडलेला नव्हता, एवढेंच कारण. त्याच्या आईनें तें विचारलें नाहीं, आणि आम्हीं सांगितलें नाहीं. ती माउली नमस्कार करून निघून गेली. दोन दिवसांत तो दाखला आणतां आला असता. तो मुलगा पुढें कोठें शिकला, किंवा शिकलाच कीं नाहीं, हें आम्हांस आजवर कळलें नाहीं.

म्हणून ज्यांच्या घरीं असें पत्र येईल, त्यांनीं निराश होण्यापूर्वीं आणि चिठ्ठी शोधण्यापूर्वीं कारण विचारावें. आणि ज्यांच्या हातीं शेरा मारण्याची लेखणी आहे, त्यांनीं तें न विचारतां लिहावें.