घराचा विश्वास, बाईचा हप्ता

रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी ग्राहकांच्या विश्वासाची पाहणी प्रसिद्ध करते. देशातल्या १९ शहरांतल्या सुमारे सहा हजार कुटुंबांना पाच गोष्टी विचारल्या जातात: एकूण आर्थिक परिस्थिती, रोजगार, भाव, घरचे उत्पन्न आणि घरचा खर्च. गेल्या वर्षापेक्षा आज कसे आहे आणि पुढच्या वर्षी कसे असेल? आशेने बोलणाऱ्यांच्या टक्क्यांतून निराशेने बोलणाऱ्यांचे टक्के वजा करायचे, पाचांची सरासरी काढायची, तिच्यात १०० मिळवायचे, की झाला निर्देशांक. १०० च्या वर असेल तर लोकांना विश्वास आहे, खाली असेल तर नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, चालू परिस्थितीचा हा आकडा ४८.५ पर्यंत घसरला होता.

या १९ शहरांत विदर्भातले एकच, नागपूर. अलीकडे मात्र खेड्यांकडेही लक्ष गेले आहे. नाबार्डने सप्टेंबर २०२४ पासून ग्रामीण कुटुंबांची अशी पाहणी सुरू केली आणि २०२५ पासून रिझर्व्ह बँकही ग्रामीण पाहणीचे निष्कर्ष देऊ लागली. खेड्यातल्या माणसाला काय वाटते हे विचारावेसे वाटले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण काय विचारतात आणि उत्तर कसे मोजतात, हे बाईच्या बाजूने तपासल्याशिवाय टाळ्या वाजवायला मी तयार नाही.

पहिला आक्षेप खर्चाच्या हिशेबावर. या निर्देशांकात घरचा खर्च वाढला, तर ते आशेचे लक्षण धरले जाते. माणूस हात सैल सोडतो तेव्हा त्याला उद्याची खात्री असते, असा त्यामागचा विचार. पगारदार घराला तो लागू पडेलही. अहेरी तालुक्यातल्या गावात पावसाळ्यात पोर तापाने फणफणते, नाल्याला पूर असतो, पूर ओसरल्यावर गाडी ठरवून त्याला गडचिरोलीला न्यावे लागते. त्या महिन्यात घरचा खर्च तिपटीने वाढतो. ही कसली आशा? महागाईचा प्रश्न वेगळा आहे आणि तो वजा बाजूला धरतात, हे खरे. पण दुखण्याचा खर्च, उसन्या पैशाचा खर्च, बाईला न विचारता झालेला खर्च कोणत्या रकान्यात घालायचा? या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती बायकांनी लढून मिळवली आहे. तरीही चोरटी दारू गावात येते आणि घरातला पैसा तिच्यावर जातो. अनावश्यक खर्च वाढला, असे ते घर प्रामाणिकपणे सांगेल, आणि कागदावर तो विश्वास म्हणून चढेल!

दुसरा आक्षेप ‘कुटुंब’ या शब्दावर. शहरी पाहणीत उत्तर देणाऱ्यांत निम्म्याच्या आसपास बायका असतात, हे मान्य करायला हवे. पण त्या बाईलाही विचारतात ते घराबद्दल. घर म्हणजे एक खिसा, एक मन, असे गृहीत धरलेले. आमच्याकडचे वर्ष पाहा. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे उठून मोह वेचायचा. मे महिन्यात जंगलातून तेंदूपाने तोडून आणायची, ७०-७० पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. शंभर पुडे म्हणजे सात हजार पाने! धानाचे काम संपले की प्राणहिता ओलांडून तेलंगणात मिरची तोडायला जायचे, कडेवरचे पोर घेऊन. या साऱ्या कामात बाईचे हात आहेत. पण पैसा कोणाच्या खात्यात गेला, कधी गेला, किती गेला, हे बैठकीत विचारले की कितीतरी जणी म्हणतात, “त्यांनाच माहीत.” जिला आपल्या कष्टाचे किती आले हेच ठाऊक नाही, तिला पुढच्या वर्षीच्या उत्पन्नाचा अंदाज विचारणे ही थट्टा आहे.

आता तिसरी आणि सगळ्यांत कडू गोष्ट. कर्ज द्यायचे असते तेव्हा मात्र बाईचे नाव सर्वांना आठवते. लघुकर्जाच्या कंपन्या बायकांचेच गट करतात. एकीचा हप्ता थकला की बाकीच्यांनी तिच्या दारात बसायचे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे विनातारण कर्ज मिळते, आणि सर्व कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त असू नयेत. उत्पन्न कुटुंबाचे धरायचे, सही बाईची घ्यायची! ते उत्पन्न तिच्या हाती येते का, हे कोणी पाहत नाही. हप्त्याच्या दिवशी कर्ता पुरुष कामाला गेलेला असतो आणि दारात उभी राहते ती बाई. घराचा विश्वास ११० असेल, तिचा त्या सकाळी शून्य असतो.

काही जण म्हणतील, इतके बारीक प्रश्न विचारले तर पाहणी लांबते, खर्च वाढतो. हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. बायकांचे शेतातले बिनपगारी काम जनगणनेत दिसत नव्हते, तेव्हाही हेच ऐकवले जात होते. स्त्री-संघटना आणि अभ्यासकांनी पाठपुरावा केला आणि १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नात शेतावरचे व घरच्या धंद्यातले बिनमोबदला कामही धरावे, असे स्पष्ट लिहिले गेले. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर विवाहितांचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असला पाहिजे, असे सांगितले. कायद्याला घरात दोन माणसे दिसू शकतात, तर पाहणीला का दिसू नयेत?

म्हणून आपली मागणी नेमकी हवी. खेड्यातल्या पाहणीत बाईला वेगळे बसवून विचारा. तिच्या स्वतःच्या हातात किती पैसा येतो? तिच्या नावावर किती कर्ज आहे, आणि ते कोणी वापरले? खर्च वाढला तो कशापायी, आणि तो कोणी ठरवला? उद्या घरात दुखणे आले तर काय विकावे लागेल? आणि ही उत्तरे घराच्या आकड्यात न मिसळता वेगळी छापा.

मैत्रिणींनो, तोवर वाट पाहण्याचे कारण नाही. हे चार प्रश्न पुढच्या बचत गटाच्या बैठकीत एकमेकींना विचारा, उत्तरे वहीत लिहा आणि ती वही ग्रामसभेत वाचून दाखवा. आपल्या विश्वासाचा आकडा दुसऱ्याने काढावा आणि आपण तो पेपरात वाचावा, हे आता पुरे झाले.