बी.कॉम. झालेल्या लेकीला नर्स व्हायचं असेल तर



माझी धाकटी लेक बी.कॉम. झाली, तेही फर्स्ट क्लासमध्ये. मग दोन वर्षं सांगलीत एका करसल्लागाराकडे जीएसटीच्या नोंदी करत होती. एक दिवस म्हणाली, "आई, मला नर्सिंगला जायचंय." माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "एवढं शिकून लोकांचे बेडपॅन उचलणार?" सासूबाई पलंगावर पडून होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "माझं चार महिने कोण उचलतंय गं?"

मी गप्प बसले, पण हो काही म्हटलं नाही. तिचं एक वर्ष माझ्या हट्टापायी गेलं. आज ती जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्यासारखी चूक तुम्ही करू नये, म्हणून हे लिहिते आहे.

सासूबाई पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर अंथरुणात पडून पडून पाठीला जखम झाली. ड्रेसिंगला एक सिस्टर यायच्या. दर दोन तासांनी कूस बदला, चादरीला सुरकुती राहू देऊ नका, पाठ कोरडी ठेवा, असं त्यांनी शिकवलं. मी ऐकलं आणि विसरले. लेकीनं रात्रीचे गजर लावले. जखम भरून आली. हिशेबाच्या कामात दोन वर्षांत न दिसलेलं समाधान तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ते दिसत असूनही मी नाही म्हणत राहिले.

का? कारणं तुमच्या घरात असतील तीच. डिग्री वाया जाईल. स्थळं येणार नाहीत. रात्रपाळी. खाण्यापिण्याचे नियम कसे पाळणार?

आपण भाद्रपदात सोळाकारण भावना म्हणतो. त्यातली नववी वैयावृत्त्य. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतलं तिसरं निर्विचिकित्सा, म्हणजे किळस न करणं. उद्दायन राजाची कथा आपण मुलांना सांगतो. आजारी मुनी त्याच्या अंगावर ओकले, तरी त्यानं स्वतःच्या हातांनी त्यांना स्वच्छ केलं. कथा सांगताना डोळ्यांत पाणी येतं, आणि घरातली मुलगी तेच काम शिकते म्हटल्यावर आपण नाक मुरडतो. वैयावृत्त्य त्यागींचं असतं, पगार घेऊन परक्यांचं नव्हे, असं एका काकूंनी मला सुनावलं. शास्त्रातला अर्थ त्या म्हणतात तोच आहे, मान्य. पण करुणेला परकं कोण? आणि फी घेणाऱ्या डॉक्टर मुलाला आपण समाजाच्या गुणगौरवात हार घालतोच की. त्याच दवाखान्यातल्या नर्सला हार घातलेला मी तरी पाहिला नाही.

आता नियमांबद्दल, काही न लपवता. दुपारच्या पाळीत ती सूर्यास्ताआधी डबा खाऊन घेते. कधी वॉर्ड सोडताच येत नाही, मग उपाशी राहते. मेसमध्ये कांदा-बटाटा रोजचाच, म्हणून घरून चटणी, मेतकूट, भाजणी जाते. एका संध्याकाळी घेरी येऊन पडायची वेळ आली, तेव्हा अंधार पडल्यावर पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी तिनं एकासन केलं आणि मला फोन करून सांगितलं. मला तिचा अभिमान वाटला.

तिनं मला एक अवघड प्रश्नही विचारला. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून देतात ते हेपारिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. ते टोचायचं हे तिचं काम. मी त्याला निर्दोष म्हणणार नाही. पण आपलं माणूस आयसीयूत असतं तेव्हा हे इंजेक्शन कशापासून केलंय, असं आपण विचारतो का? आपण टोचून घ्यायचं आणि दोष टोचणारीच्या माथी, हे बरोबर नाही. श्रावकाला आधी सोडायची ती संकल्पी हिंसा, मारण्याच्या हेतूनं केलेली. इथे हेतू वाचवण्याचा आहे. मला तरी हे असं पटलं.

डिग्री वाया गेली का? वॉर्डातल्या औषधांचा साठा, नोंदवह्या, दर तासाला किती पाणी गेलं आणि किती बाहेर आलं याचा तक्ता, या सगळ्यात आकडेच असतात. तिच्या नोंदीत खाडाखोड नसते, असं तिच्या सिस्टर सांगतात.

कुणाची लेक किंवा सून विचार करत असेल, तर आम्हाला उशिरा कळलेल्या गोष्टी सांगते. बारावी कॉमर्स किंवा आर्ट्सची असेल तर चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला जाता येत नाही, त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. जीएनएम तीन वर्षांचं. त्याला बारावीची कुठलीही शाखा चालते, इंग्रजी विषय हवा. वयाची अट 35 पर्यंत, म्हणून "बघू पुढच्या वर्षी" म्हणू नका. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. संस्थेला इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, हे फी भरण्याआधी बघा. शिक्षण झाल्यावर कौन्सिलकडे नाव नोंदल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही.

स्थळांचं म्हणाल, तर दोन ठिकाणांहून "नोकरी सोडेल का?" असं विचारणं आलं. पहिल्यांदा मी गुळमुळीत उत्तर दिलं. दुसऱ्यांदा सरळ "नाही" म्हटलं. फोन पुन्हा आला नाही. मनाला लागलं, खोटं कशाला सांगू? पण म्हातारपणी माझी कूस कुणीतरी बदलणार आहे. ती कुणाची तरी लेक असेल, आणि तिच्या आईनं तिला अडवलेलं नसेल.

सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत पाठीला पुन्हा जखम झाली नाही. लेक हॉस्टेलवर होती, तरी रोज फोन करून विचारायची, "आई, कूस बदललीस ना?" तिनं शिकवलेलं मी करत होते.