आडनांव नसलेल्यांचा कुलशोध

कुलवृत्तांत छापण्याची हौस आपल्याकडे गेल्या शतकांत चांगलीच फोफावली, आणि पुष्कळ घराण्यांनीं आपापले वंशवृक्ष पुस्तकरूपानें बांधून घेतले. त्या ग्रंथांच्या संकलकांस गोत्र, मूळगांव आणि आडनांव या तीन सूत्रांचें साहाय्य होतें. तीं हातीं असलीं म्हणजे आठ-दहा पिढ्या मागें जाणें श्रमाचें असलें तरी अशक्य नसतें. परंतु ज्या समाजांत आडनांवच नव्हतें, त्यांतील माणसानें पूर्वज शोधावा कसा? अमेरिकेंत राहणाऱ्या लक्षावधि नॉर्वेजियन वंशजांपुढें हा प्रश्न आहे. त्याचें उत्तर त्यांस ज्या जुन्या कागदांतून मिळतें, त्यांची ओळख वाचकांस करून द्यावी, असें या महिन्यांत आम्हीं योजिलें आहे.

१८२५ च्या जुलै महिन्यांत ‘रेस्टोरेशन’ नांवाचें चाळीस टनांहूनही लहान गलबत नॉर्वेंतील स्टावांगर बंदरांतून ५२ माणसें घेऊन निघालें, आणि ९ ऑक्टोबर रोजीं न्यूयॉर्कला लागलें. वाटेंत एक कन्या जन्मली, म्हणून उतरतांना संख्या ५३ भरली. एवढ्याशा गलबतांत इतकीं माणसें कोंबल्याबद्दल अमेरिकन सरकारनें तें जप्त केलें. पुढें अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनीं तो अपराध माफ केला. त्यानंतरच्या शंभर वर्षांत सुमारें ८ लक्ष नॉर्वेजियनांनीं तो महासागर ओलांडला. १८६५ सालीं त्या देशाची एकंदर वस्ती १७ लक्षांच्या घरांत होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचें मर्म कळतें. डोंगर, बर्फ आणि अरण्य यांनीं व्यापलेल्या त्या भूमींत नांगराखालीं येणारी जमीन शेंकडा तीनच्या आसपास. शेत बहुधा वडील मुलाकडे जाई. धाकट्यांनीं करावें काय? इकडे अमेरिकेंत १८६२ च्या कायद्यानें पांच वर्षें कसून दाखविणारास १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळूं लागली होती.

आतां नांवाचें कोडें पाहा. हान्स नांवाच्या शेतकऱ्याचा मुलगा ओले असेल, तर तो ओले हान्सेन, म्हणजे हान्सचा पुत्र. या ओलेचा मुलगा मात्र हान्सेन नव्हे, तो ओल्सेन. मुलगी झाली तर ती ओल्सदात्तर. (‘सेन’ आणि ‘दात्तर’ यांच्या मुळाशीं आपले ‘सूनु’ व ‘दुहितृ’ यांचेच सगोत्र शब्द आहेत, हें संस्कृतज्ञ वाचकांस सांगणें नकोच.) दर पिढीस नांव पालटणार, आणि मुळांत नांवें थोडीं, तेव्हां एका ओले हान्सेनास दुसऱ्यापासून निराळा काढण्यासाठीं शेताचें नांव जोडीत. ओले हान्सेन हॉगेन, म्हणजे टेकाडावरच्या शेतांत राहणारा. हें आपल्या ‘कर’ प्रत्ययान्त आडनांवांसारखें दिसतें खरें, पण भेद मोठा आहे. चिपळूणचा माणूस पुण्यास शंभर वर्षें राहिला तरी चिपळूणकरच राहतो. ओले मात्र हॉगेन सोडून बाक्केन शेतावर गेला, कीं ओले हान्सेन बाक्केन झाला! इतकेंच नव्हे, तर शेत बायकोच्या माहेरचें असेल आणि नवरा तेथें राहावयास गेला, तर तोच तिच्या शेताचें नांव लावी. आपल्याकडील घरजांवयांस हा प्रकार कसा वाटेल, तें विचारण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं.

सर्वांनीं कायमचें आडनांव धारण करावें असा कायदा नॉर्वेंत १९२३ सालीं झाला. म्हणजे देशांतराची लाट ओसरत आल्यावर. अमेरिकेंत पोंचलेल्यांपैकीं कोणी बापाचें नांव कायम धरलें, कोणी शेताचें. दोघे सख्खे भाऊ, पण एकाचे वंशज हान्सेन आणि दुसऱ्याचे हॉगेन, असेंही घडलें. बंदरावरील कारकुनानेंच नांव बदलून टाकलें, अशी कथा तेथें घरोघर सांगतात. तिला आधार नाहीं. ते कारकून प्रवासाच्या आरंभीं बोटवाल्यांनीं केलेल्या याद्यांवरूनच काम करीत.

तेव्हां मिनेसोटांतील एखाद्या नातीजवळ ‘हॉगेन’ एवढेंच नांव असेल, तर तें घेऊन नॉर्वेचा नकाशा उघडणें व्यर्थ होय. त्या नांवाचीं शेतें तेथें खंडोगणती आहेत. प्रथम उघडावयाची ती घरांतील पेटी. देशांतरितांनीं आपल्याबरोबर मोठ्या लाकडी पेट्या आणल्या; त्यांवर रंगीत वेलबुट्टी, मालकाचें नांव आणि सालही रंगविलेलें असे. आंत घरचें बायबल, ज्याच्या कोऱ्या पानांवर मुलांचे जन्म टिपलेले, पाद्र्याचा दाखला, मागें राहिलेल्या भावंडांचीं पत्रें. या सर्व कागदांतून पहिल्या प्रथम काढावयाचें तें ‘सोग्ना’चें नांव. सोग्न म्हणजे एका चर्चच्या टापूंतला मुलूख. पत्राच्या माथ्यावर, दाखल्याच्या तळाशीं तें सांपडतें. घरीं न सांपडलें, तर अमेरिकेंतील नॉर्वेजियन चर्चांच्या वह्यांत शोधावें. तेथील पाद्री आपल्या माणसांचें जन्मस्थान पुष्कळदा लिहून ठेवीत.

सोग्न कळलें कीं खरी संपत्ति हातीं येते. नॉर्वेंतील ल्यूथरपंथी चर्च हें राज्याचें चर्च होतें, त्यामुळें पाद्री हाच जन्ममृत्यूचा कारकून. बाप्तिस्मा, लग्न, दफन, दुसऱ्या गांवाहून आलेले, गांव सोडून गेलेले, असे त्याच्या वहींत निरनिराळे भाग असत. बाप्तिस्म्याच्या नोंदींत आईबापांचीं नांवें, त्यांचें शेत आणि साक्षीदारांचीं नांवेंही असतात. हे साक्षीदार बहुधा मामा, काका, आत्या, म्हणजे एका नोंदींत अर्धें गणगोत उभें राहतें. लिपि जुन्या गॉथिक वळणाची आणि भाषा डॅनिश धाटणीची. मोडी दप्तरांशीं ज्यांनीं झुंज घेतली आहे, त्यांस त्या शोधकांच्या डोळ्यांची दया यावी. अठराव्या शतकांतील पाद्री तर तारीख न देतां ‘अमक्या सणानंतरचा तिसरा रविवार’ असें लिहितात, आणि पंचांगाशीं मेळ घालून ती काढावी लागते. तिथीवरून तारीख काढणाऱ्या आपल्या लोकांस हें नवें नाहीं.

आम्हां शिक्षकांचें मन ज्या भागांत रमेल, तो ‘दृढीकरणा’चा. १७३६ पासून हा संस्कार तेथें सर्वांस सक्तीचा झाला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींनीं धर्मज्ञानाची परीक्षा द्यावयाची, आणि पाद्र्यानें नांवापुढें ‘फार चांगला’, ‘बरा’ असे शेरे मारावयाचे. १८१० नंतर देवी काढल्याचा दाखलाही मागत, आणि त्याची नोंद त्याच वहींत होई. ज्या पणजोबांस नातवंडांनीं चित्रांतही पाहिलें नाहीं, त्यांच्या दंडावर देवी केव्हां काढल्या आणि परीक्षेंत त्यांनीं काय दिवे लावले, हें आज दोनशें वर्षांनंतर कळतें!

खानेसुमारीचे कागदही असेच बोलके. १८०१ च्या गणतींत माणसांचीं नांवें, वयें व नातीं आहेत. १८६५ मध्यें जन्मस्थान आहे, शिवाय घरीं गाई किती, मेंढ्या किती, सातू आणि बटाटे किती पेरले, हेंही आहे. १९२० ची गणती शंभर वर्षें पुरीं झाल्यावर, २०२० सालीं खुली झाली. नॉर्वेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यानें हीं सारीं पानें संगणकावर सर्वांस विनामूल्य पाहावयास ठेविलीं आहेत. आपल्या दप्तरखान्यांच्या दारांत अर्ज घेऊन तिष्ठत बसलेल्यांनीं सुस्कारा टाकावा, अशीच ही गोष्ट आहे.

मात्र सावधपण हवें. पहिल्या मुलास बापाच्या बापाचें, दुसऱ्यास आईच्या बापाचें नांव, अशी तेथील चाल. दोन्ही आजोबा ओले असले तर घरांत दोन ओले एकाच वेळीं नांदत. पहिली बायको वारली, तर दुसरीच्या पोटीं झालेल्या पहिल्या मुलीस तिचें नांव देत. चालीचा हा नियम ठाऊक असला कीं वाट सांपडते. ठाऊक नसला तर धाकट्या ओलेच्या जागीं थोरला बसतो, आणि त्यापुढचा सारा वृक्ष दुसऱ्याच घरचा होतो.

कित्येक शोधक एकदम वायकिंग राजांपर्यंत चढूं पाहतात. सन १७०० च्या पूर्वींच्या चर्चच्या वह्या फारच थोड्या उरल्या आहेत. साधारण कुणब्याच्या वंशजानें त्यापलीकडे राजकुळ दाखविलें, तर आमचा विश्वास बसत नाहीं. खऱ्या वहींत बहुधा राजा भेटत नाहीं, भेटतो तो ‘हुसमान’: दुसऱ्याच्या शेताच्या कडेला झोपडी घालून मजुरीच्या मोबदल्यांत राहणारा. विवाहबाह्य संतति निराळ्या खुणेनें नोंदलेली असते, आणि तीन पिढ्यांनीं झांकलेली गोष्ट चौथीपुढें येते. आपल्या कुलवृत्तांतांतून असलीं पानें गाळण्याची रीत आहे. आमचें मत विचाराल, तर ज्या मुलीनें तें मूल एकटीनें वाढविलें तिचें नांव वृक्षांतून कापणें हा तिच्यावर दुसरा अन्याय होय.

आणि स्त्रियांच्या बाबतींत त्या वह्या आपल्याहून कितीतरी पुढें आहेत. आपल्याकडे लग्नांत मुलीचें आडनांव तर जातेंच, पण पुष्कळदा नांवही बदलतें. पणजीचें माहेर कोणतें, हें सांगणारा घरांत कोणी उरत नाहीं. घरांत वडीलधाऱ्या बायका असतील, तर त्यांचें माहेरचें नांव व गांव विचारून आजच वहींत उतरून ठेवावें, असें आमचें वाचकांस सांगणें आहे. नॉर्वेंतील आन्ने ओल्सदात्तर लग्नानंतरही आन्ने ओल्सदात्तरच राही. पाद्र्याच्या वहींत ती जन्मास आली त्या नांवानेंच पुरलीही जाई. म्हणून आईची आई, तिची आई, अशी मातृपरंपरा तेथें पितृपरंपरेइतकीच लांब मागें नेतां येते. अमेरिकेंत आल्यावर तिला नवऱ्याचें आडनांव लागलें आणि थडग्याच्या दगडावरही तेंच कोरलें गेलें. बोटींतून आणलेल्या पेटीवर मात्र कधीं कधीं तिचें नांव अजून ‘दात्तर’सह वाचतां येतें.