इस्नोफिलियाची फिर्याद

आपल्याकडील मध्यमवर्गीय संसारात ज्या थोड्या वैद्यकीय शब्दांना घरच्या माणसासारखा मान मिळाला आहे त्यांत ‘इओसिनोफिलिया’ हा शब्द बराच वरच्या पाटावर बसलेला दिसतो, आणि जिभेच्या सोयीसाठी त्याचा ‘इस्नोफिलिया’ झाला असला तरी त्याच्या प्रतिष्ठेत त्यामुळे काही उणे आलेले नाही. पहाटे शिंकांची माळ लागली, रात्री खोकल्याने झोप मोडली किंवा मुलाचे अंग खाजू लागले, की रक्त तपासले जाते, कागदावर एका आकड्याशेजारी वर जाणारा बाण उमटतो, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटलेल्या शेजारणीला सांगितले जाते, “अहो, आमच्या बंड्याला इस्नोफिलिया निघालाय. केळं, दही, पेरू, सगळं बंद केलंय.” वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, मात्र वैद्यकाच्या दृष्टीने ते अर्धेच बोलून थांबते, आणि असल्या अर्ध्या वाक्यावर लोकांनी आपले पथ्य, आपला पैसा व क्वचित आपला जीवही हवाली करावा, हे मला मान्य होण्यासारखे नाही.

रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या दर घनमिलिमीटरला साधारणतः चार हजार ते अकरा हजार असते, आणि त्यांतील शेकडा एक ते सहा पेशी इओसिनोफिल असतात. त्यांच्या अंगातील कण इओसिन नावाच्या रंगाने लालसर-गुलाबी रंगतात, हे 1879 साली पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने दाखविले, आणि त्या गुणावरून त्यांना हे नाव मिळाले. या पेशी प्रमाणाबाहेर वाढल्या म्हणजे त्या वाढीला इओसिनोफिलिया म्हणावयाचे, इतकाच या शब्दाचा अधिकार. जंत, दमा, त्वचेची अॅलर्जी, एखादे न मानवलेले औषध, क्वचित लसिकाग्रंथींचा कर्करोग, अशा परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या कारणांनी ही वाढ होऊ शकते. म्हणून कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर ती दाखल झालेली फिर्याद आहे, निकाल नव्हे, आणि फिर्याद गुदरल्याबरोबर शिक्षा फर्माविणाऱ्या मुन्सफाला जे म्हणावे लागेल ते नुसत्या बाणाकडे पाहून महिनाभराच्या गोळ्या लिहिणाऱ्यालाही म्हणावे लागेल.

बरे, हा बाण तरी कशाचा? पुष्कळदा तो शेकडेवारीचा असतो. एकूण पांढऱ्या पेशी 4,500 आणि त्यांत इओसिनोफिल शेकडा आठ असतील, तर प्रत्यक्ष संख्या 360 भरते, म्हणजे पाचशेच्या मर्यादेच्या पुष्कळ आत. तेच शेकडा आठ 11,000 पेशींतील असतील तर ती 880 होते आणि मग कारण शोधणे प्राप्त ठरते. दोन्ही कागदांवर ‘आठ’ हाच आकडा असल्यामुळे दोन्ही घरांतील केळी मात्र सारख्याच तत्परतेने हद्दपार होतात.

हा शब्द आपल्याकडे रोगाचे नाव म्हणून का रुजला, याला एक इतिहास आहे, आणि तो जाणला म्हणजे लोकांवर रागावण्याचे कारण उरत नाही. मद्रास इलाख्यातील मदनपल्लीजवळ आरोग्यवरम् येथे क्षयरोग्यांचे जे आरोग्यधाम होते, तेथे असे काही रुग्ण येत की छातीच्या क्ष-किरण चित्रात क्षयासारखे डाग दिसावेत, खोकला व बारीक ताप असावा, परंतु थुंकीत क्षयाचे जंतू सापडू नयेत आणि रक्तात इओसिनोफिल मात्र उदंड असावेत. तेथील डॉ. फ्रिमोट-म्यॉलर आणि डॉ. बार्टन यांनी 1940 साली या क्षयाभासी अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. 1943 मध्ये डॉ. वाइनगार्टन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये हिंदुस्थानातील 81 रुग्णांची हकीकत देऊन तिला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ असे नाव दिले, आणि एरवी उपदंशावर टोचले जाणारे सोमलयुक्त औषध तिच्यावर गुणकारी ठरते असे नोंदविले. पुढे 1947 साली, आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या डॉ. येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या देखरेखीखालील लेडर्ले प्रयोगशाळेतून हत्तीरोगावरील ‘हेट्राझान’ हे औषध आले. तेच या विकारावरही लागू पडू लागले, आणि 1960 साली वेल्लोरच्या डॉक्टरांना अशा रुग्णांच्या फुप्फुसांत हत्तीरोगाच्या कृमींची सूक्ष्म पिले सापडली, तेव्हा रात्रीच्या त्या खोकल्याचे मूळ डासाच्या चाव्यापर्यंत जाऊन पोचले. माझा तर्क असा की या वीस वर्षांत शब्द जनमानसात मुरला तो पूर्ण नावाने व खऱ्या रोगाचा म्हणूनच. मागाहून ‘ट्रॉपिकल’ हे विशेषण गळाले, हत्तीरोगाची आठवण पुसली, आणि मागे राहिलेले निराधार नाम कोणत्याही शिंकेला चिकटू लागले. त्या विकारात ही संख्या सामान्यतः तीन हजारांच्याही वर असते. बंड्याच्या कागदावरील, समजा, सहाशेशी तिचे नाते जोडणे म्हणजे आडनावबंधूला वारस ठरविण्यासारखे आहे.

केळी सोडल्याने कोणाचे फारसे बिघडत नाही, हे खरे. पण याच वाढीवर कारण न शोधता स्टिरॉइड दिले, तर आकडा झपाट्याने खाली येतो, रुग्ण संतुष्ट होतो, आणि त्याच्या आतड्यात जर स्ट्राँगिलॉइड नावाचा कृमी दडलेला असेल तर प्रतिकाराचा पहारा उठल्यामुळे तो सर्वांगभर पसरून प्राणावर बेतू शकते. अनवाणी शेतात राबणाऱ्या माणसाला हा कृमी पायाच्या कातडीतून गाठतो. तेव्हा हा धोका परदेशी ग्रंथांतला म्हणून बाजूस सारता येत नाही.

म्हणून माझी मागणी अगदी माफक आहे. प्रयोगशाळांनी शेकडेवारीच्या आधी प्रत्यक्ष संख्या ठळक छापावी, आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर एकटा शब्द न लिहिता मराठीत एक सबंध वाक्य लिहावे. गर्दीच्या दवाखान्यात एवढी फुरसत कोणाला, असा आक्षेप येईल, परंतु “इओसिनोफिल 880, बहुधा जंतांमुळे, औषध घेऊन महिन्याने पुन्हा मोजावे” हे लिहावयास अर्धा मिनिटही लागत नाही, आणि त्यातील ‘बहुधा’ हा शब्द डॉक्टरांना कमीपणा आणील अशी जी भीती या व्यवसायात दिसते ती मला तरी अनाठायी वाटते. हे वाक्य हाती पडले म्हणजे बंड्याची आई जिन्यात काय सांगेल ते आपोआप बदलेल, आणि शेजारीणही मग केळ्यांऐवजी महिन्याने आलेला आकडा विचारील.