प्रार्थना त्यांची, कर्तव्य आमचे

एखाद्या गावी ख्रिस्ती उपदेशकाच्या घरावर दगड पडले, प्रार्थनेस जमलेल्या मंडळींस मारहाण झाली, किंवा याहून भयंकर असे काही घडले, म्हणजे त्या मंडळींकडून बहुधा एकच उत्तर येते: ‘आम्ही प्रार्थना करीत आहो, ज्यांनी हे केले त्यांस देवाने क्षमा करावी.’ हे उत्तर ऐकून आमच्या शहरांतील पुष्कळ सुशिक्षित गृहस्थांस एक प्रकारचे समाधान वाटते. ज्याचे नुकसान झाले तोच तक्रार करीत नाही, मग इतरांनी मध्ये का पडावे, असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब आमच्या मते साफ चुकीचा आहे. आणि तो का चुकीचा, हे आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहो.

सर्वांच्या स्मरणात असलेले एक उदाहरण घेऊ. १९९९ सालच्या २२ जानेवारीच्या रात्री ओडिशातील मनोहरपूर गावी ग्रॅहम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी आपल्या १० व ६ वर्षांच्या दोन मुलांसह मोटारीत निजले असता जमावाने ती मोटार पेटवून दिली, आणि बाप व दोन्ही मुलगे जागीच जळून मेले. हे गृहस्थ तीस वर्षांहून अधिक काळ मयूरभंज भागात कुष्ठरोग्यांची सेवा करीत होते. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांस क्षमा केल्याचे जाहीर केले, आणि मुलीसह येथेच राहून ते काम आणखी काही वर्षे चालविले. २००५ साली भारत सरकारने त्यांस ‘पद्मश्री’ दिली. एवढे धैर्य ज्या श्रद्धेतून येते तिच्यापुढे, तिचे सिद्धांत मान्य असोत वा नसोत, कोणाही विचारी मनुष्याचे मस्तक नम्र होईल.

परंतु बाईंनी क्षमा केली म्हणून खटला थांबला काय? मुळीच नाही. २००३ साली मुख्य आरोपी दारासिंग यास फाशीची शिक्षा झाली. २००५ साली उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणिली. आणि २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. त्या निकालपत्रात, मिशनरीस ‘धडा शिकविण्याचा’ मारेकऱ्यांचा हेतू होता अशा आशयाची वाक्ये आली होती. त्यांवर देशभर टीका होताच न्यायासनाने चारच दिवसांत ती आपण होऊन गाळून टाकिली. खुनास हेतूची सबब शोभत नाही, हे न्यायासनास पटले; ते आमच्या चावडीवरील पंडितांसही पटावे.

खटला चालला, कारण खुनाच्या खटल्यात फिर्यादी सरकार असते. आमच्या व्यापारी वाचकांस हे सहज कळेल. सावकारास स्वतःचे खासगी येणे खुशाल सोडता येते. परंतु पेढीचे येणे एका भागीदारास परस्पर सोडून देता येत नाही, कारण ते सर्वांचे असते. विधवेने आपल्या मनातील वैर सोडले, तो तिचा अधिकार. सार्वजनिक शांततेचे जे देणे मारेकऱ्यावर चढले, ते मात्र तुमचे आमचे आहे. तिच्या औदार्याचा दाखला देऊन ते बुडवू देण्याचा अधिकार कोणासही नाही.

क्षमा आणि शिक्षा यांचे वैर आहे असेही नव्हे. १९९५ साली इंदूरकडे येणाऱ्या मोटारबशीत सिस्टर राणी मारिया या जोगिणीचा भोसकून खून झाला. आदिवासींस सावकारी पाशातून सोडविण्याचे तिचे काम काहींच्या डोळ्यांत सलत होते. म्हणजे धर्माचे नाव कितीही पुढे केले, तरी मागे वहीखाते होते. खुन्यास जन्मठेप झाली. तो ती भोगीत असतानाच मृत जोगिणीच्या सख्ख्या बहिणीने, जी स्वतः जोगीण आहे, तुरुंगात जाऊन त्याच्या हातास राखी बांधिली. न्यायाने आपले काम केले, दयेने आपले केले; एकाने दुसऱ्याची वाट अडविली नाही.

याउलट जेथे सरकार आपले काम करीत नाही, तेथे काय होते हे कंधमालने दाखविले. २००८ च्या ऑगस्टात जन्माष्टमीच्या दिवशी स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती या वृद्ध संन्याशाचा त्यांच्या आश्रमात खून झाला. तोही तितकाच निंद्य होय. त्याचा सूड म्हणून ज्यांचा त्या खुनाशी काडीचाही संबंध नव्हता अशा ख्रिस्ती आदिवासी व दलितांची घरे जाळण्यात आली, आणि हजारो माणसे रानात पळून प्रार्थनेवर दिवस काढीत राहिली. या दंगलीचे ८२७ गुन्हे नोंदले गेले, त्यांपैकी ३१५ पोलिसांनी पुराव्याअभावी वा आरोपी न सापडल्याने मिटवून टाकिले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने यावर खेद दर्शवून त्यांची फेरतपासणी करण्यास सांगितले. ज्यांनी जाळले त्यांस यावरून कोणता धडा मिळाला असेल?

कोणी म्हणेल, मिशनरी धर्मांतर करितात, त्याचे काय? हा आक्षेप आम्ही उडवून लावीत नाही. १९५४ साली, आपला यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशात असताना, नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नाची चौकशी झाली, आणि १९५६ च्या अहवालात मिशनांवर कडक ताशेरे ओढण्यात आले. पुढे १९६८ साली मध्यप्रदेशात कायदा झाला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवून सांगितले की, धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्यास धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही. हे निर्णय आवडोत वा न आवडोत, मार्ग मोकळा आहे. १८९३ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाविरुद्ध पुण्यात वादळ उठले, तेव्हा रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या, वृत्तपत्रांनी रकाने भरले. मतभेद याहून तीव्र कोणता असणार? पण सदनास कोणी काडी लाविली नाही.

शिवाय धर्म सोडून माणसे का जातात, हेही स्वतःस विचारिले पाहिजे. १९५६ साली नागपुरास डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारिला, तेथे कोणताही परदेशी मिशनरी नव्हता. आमची अस्पृश्यता मात्र होती. ज्यास मिशनरीशी स्पर्धा करावयाची असेल, त्याने दत्तपूरचे मनोहरजी दिवाण, तपोवनाचे डॉ. शिवाजीराव पटवर्धन आणि आनंदवनाचे बाबा आमटे यांच्या मार्गाने करावी. वऱ्हाड-मध्यप्रांतात त्या स्पर्धेत कोणी हरले नाही. रोगी तेवढे जिंकले.

आमच्या जिल्ह्यास हा विषय परका नाही. फ्री मेथॉडिस्ट मिशनचे येथील काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासूनचे. उमरीच्या दवाखान्याने कित्येकांचे प्राण वाचविले. १९८३ साली पुण्यास जाईपर्यंत एक ख्रिस्ती बायबल विद्यालय याच शहरात तीस वर्षे होते, आणि त्याचे विद्यार्थी याच बाजारात सौदा घेत. ही माणसे आमच्या शेजारची आहेत.

सबब आमच्या तीन सूचना आहेत. पहिली पोलिसांस: दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की नोंद सक्तीची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच ठरविले आहे, ‘आपसात मिटवा’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. जमावाची हिंसा रोखण्यास प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून कमी नाही अशा दर्जाचा अधिकारी नेमावा, असा २०१८ चा आदेश आहे. आपल्या जिल्ह्यात तो कोण, हे लोकांस कळेल असे जाहीर करावे. दुसरी वकील व व्यापारी बंधूंस: अशा प्रसंगी साक्षीदारास धीर देणे आणि गरिबाचे वकीलपत्र विनामूल्य घेणे यात कोणाचाही धर्म बुडत नाही. तिसरी ख्रिस्ती बांधवांस: आपण प्रार्थना अवश्य करावी, परंतु फिर्यादही द्यावी. आपल्याच शास्त्रात पौल प्रेषिताने रोमन नागरिक या नात्याने कैसराकडे दाद मागितली. त्याने त्याची श्रद्धा उणी झाली नाही.

त्यांची प्रार्थना देवाने ऐकावी की नाही, हा देवाचा प्रश्न आहे. शेजारच्या घरातून ती कानी पडल्यावर दार उघडावयाचे की कडी लावून घ्यावयाची, हा आमचा आहे. आणि त्याचे उत्तर आमच्या वतीने दुसरे कोणीही देणार नाही.